वाफेची गाडी हवी, पण करबुड्यातून नको

मा. संपादक,

स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की कोकण रेल्वेवर वाफेच्या इंजिनाची पर्यटन गाडी सोडावी, ही मागणी पुन्हा निघते. मागणी रास्त आहे आणि आमचा तिला मनापासून पाठिंबा आहे. मात्र तिच्यासोबत जे चित्र रंगवले जाते, म्हणजे रोह्याहून निघालेली गाडी धूर सोडत चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी करत सावंतवाडीला पोहोचते, ते वाटेतल्या करबुड्यासारख्या लांब बोगद्यांमुळे धोक्याचे आहे. गाडी सोडायची तर सावंतवाडी ते कणकवली या सुमारे 50 किलोमीटरच्या टप्प्यातच सोडावी. ती सूर्योदयाला सुटावी, भट्टीत कोळशाऐवजी तेल जाळावे आणि शेपटीला डिझेल इंजिन जोडलेले असावे. यातली प्रत्येक अट कशासाठी, हे लोकांपुढे यायला हवे, म्हणून हे पत्र.

आधी थंडीचे. चिमणीतून बाहेर पडते ती वाफ मुळात दिसत नाही. बाहेरच्या गार हवेत तिचे बारीक थेंब झाले की पांढरा लोट तयार होतो. हवा जितकी गार आणि दमट, तितका तो दाट होतो आणि जास्त वेळ टिकतो. इंग्लंडच्या उत्तरेला सेटल ते कार्लाइल या डोंगरी मार्गावर हिवाळ्यात वाफेच्या गाड्यांना गर्दी होते ती यामुळेच, कारण तिथे दिवसभर हवा गोठणबिंदूच्या आसपास असते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा सतरा-अठरापर्यंत उतरतो आणि दवही भरपूर पडते, पण अकरा वाजेपर्यंत तो तिशीला टेकतो. त्या उन्हात इंजिनाने कितीही जोर लावला तरी लोट चिमणीपासून हातभर अंतरावर विरून जातो. म्हणजे कोकणातल्या वाफेच्या गाडीला खरा वेळ मिळतो तो सकाळी सात ते साडेनऊचा. जानेवारीत या भागात सूर्य सातनंतर उगवतो. मुंबईहून येणाऱ्या पर्यटकांच्या सोयीसाठी गाडी दुपारी ठेवली, तर ते एवढ्या लांब ज्यासाठी आले तेच त्यांना दिसणार नाही.

दुसरी गोष्ट अशी की कोकण रेल्वे डोंगरातली असली तरी घाट चढणारी नाही. बोरघाटात चढ 1:37 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. तिथे वाफेच्या काळात मागून ढकलणारी जादा इंजिने, म्हणजे बँकर, लावावी लागत, ते काम आज विजेची इंजिने करतात. सेटल-कार्लाइल मार्गावर 1:100 चा चढ मैलोनमैल आहे आणि त्याचा माथा एस गिलला 1,169 फुटांवर येतो. इंजिनाचा जो खोल, ठोक्याठोक्याचा आवाज ऐकायला लोक तिथे थंडीत कुडकुडत उभे राहतात, तो त्या चढामुळे. कोकण रेल्वे ताशी 160 किलोमीटर वेगाचा विचार करून आखली गेली, त्यामुळे तिचा सर्वात कडक चढ 1:150 आहे. डोंगर आडवा आला की ती वर चढत नाही, बोगद्यातून आरपार जाते. साधारण 740 किलोमीटरच्या मार्गात नव्वदहून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल आहेत ते याच कारणाने. म्हणून विलायतेतल्या गाड्यांचे नियम आणि वेळापत्रक जसेच्या तसे उचलून इथे चालणार नाही.

बोगद्यांचा प्रश्न तर सगळ्यात गंभीर आहे. रत्नागिरीच्या उत्तरेला उक्षी आणि भोके या स्थानकांमधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. ताशी 40 किलोमीटर वेगाने तो पार करायला जवळजवळ दहा मिनिटे लागतील. मोठे ब्रॉडगेज इंजिन किलोमीटरमागे साधारण पंधरा ते वीस किलो कोळसा खाते, म्हणजे एकट्या करबुड्यातच शंभर-सव्वाशे किलो कोळसा जळणार. त्याचा धूर, गंधकाचा वायू आणि कार्बन मोनॉक्साइड एकेरी मार्गाच्या अरुंद नळीत कोंडणार आणि गाडी त्यातूनच पुढे जात राहणार. पहिला मारा इंजिनाच्या केबिनवर, दुसरा उघड्या खिडक्यांच्या पहिल्या दोन-तीन डब्यांवर. पंखे लावून बोगद्यातला धूर काढता येतो, पण तो गाडी बाहेर पडल्यानंतरचा उपाय. त्याच भागात टिके, बेर्डेवाडी, सावर्डे आणि खेडच्या बाजूला नातूवाडी असे तीन-चार किलोमीटरचे आणखी बोगदे आहेत.

बोगद्यात गाडी अडकली तर काय होते, हे जगाने 1944 च्या मार्चमध्ये इटलीत पाहिले. बाल्वानो गावाजवळच्या बोगद्यात दोन वाफेच्या इंजिनांची मालगाडी चढावर थांबली. रूळ ओले, कोळसा हलका, चाके जागीच फिरू लागली. गाडीत दाटीवाटीने बसलेली पाचशेहून अधिक माणसे कार्बन मोनॉक्साइडने गेली, त्यातली कित्येक झोपेतच. गाडी रुळावरून उतरली नव्हती, कुठे धडकही झाली नव्हती. आपल्या बोगद्यांत पावसाळ्यात मुरलेले पाणी थंडीतही पाझरत असते आणि रूळ ओलसरच राहतात. हा धोका पर्यटनाच्या हौसेसाठी पत्करण्याचे काहीही कारण नाही.

बोगद्यात केबिनमधल्या माणसांना आणखी एक भीती असते, ती ज्वाळा उलटण्याची. भट्टीतली आग पुढे चिमणीकडे ओढली जाते ती सिलिंडरमधून चिमणीत सुटणाऱ्या वाफेच्या झोतामुळे. ड्रायव्हरने रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे जाणारी वाफ कमी-जास्त करणारा दांडा, बंद केला की तो झोत थांबतो. त्याच वेळी बोगद्यातल्या हवेचा दाब चिमणीवर आला तर आग भट्टीच्या दारातून थेट केबिनमध्ये येते. म्हणून बोगद्यात शिरण्याआधी ब्लोअर (बॉयलरमधली वाफ थेट चिमणीत सोडणारी झडप) उघडायचा, भट्टीचे दार लावायचे आणि ब्लोअर चालू असल्याची खात्री झाल्यावरच रेग्युलेटरला हात लावायचा, असा क्रम आहे. लहान बोगद्यातही तो चुकवून चालत नाही. आज वाफेवर काम केलेले फायरमन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले असताना ही सवय नव्या माणसांच्या अंगी भिनेपर्यंत त्यांना लांब बोगद्यात पाठवू नये.

सावंतवाडी ते कणकवली या टप्प्यात लांब बोगदे नाहीत. झाराप, कुडाळ, सिंधुदुर्गनगरी ही मधली स्थानके. कुडाळजवळ कर्ली आणि कणकवलीजवळ गड नदी ओलांडावी लागते. पूर्वेला सह्याद्रीची रांग सकाळच्या उजेडात स्पष्ट दिसते, अधूनमधून जांभ्यात खोदलेल्या खिंडी लागतात आणि गावे रुळापासून जवळ आहेत. रत्नागिरीच्या दक्षिणेचा 64 मीटर उंचीचा पानवल पूल या टप्प्यात नाही, याची अनेकांना हळहळ वाटेल. पण रत्नागिरीहून पानवल ओलांडून पुढे गेले की टिके बोगदा आहेच.

पाण्याचा हिशोबही याच टप्प्याच्या बाजूने जातो. ब्रॉडगेजवर प्रवासी गाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूपी वर्गाच्या इंजिनाच्या टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या पाणी-कोळशाच्या गाड्यात, सुमारे 25 हजार लिटर पाणी मावते आणि अशा गाडीला किलोमीटरमागे 120 ते 140 लिटर पाणी लागते. सावंतवाडी-कणकवली प्रवासाला सात हजार लिटर पुरतात, वाटेत पाणी घ्यावेच लागत नाही. रोहा ते सावंतवाडी हे अंतर मात्र 360 किलोमीटरच्या वर आहे. त्याला त्रेचाळीस ते पन्नास हजार लिटर पाणी लागेल, म्हणजे टेंडर रिकामे होऊ न देता जायचे तर ते वाटेत दोनदा भरावे लागेल. कोकण रेल्वेवर इंजिनात पाणी सोडणारे उभे नळ कुठेच नाहीत. कारण सरळ आहे. देशातली ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची वाहतूक डिसेंबर 1995 मध्ये संपली आणि कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली ती 26 जानेवारी 1998 ला. या मार्गाने वाफेचे नियमित इंजिन कधी पाहिलेच नाही. राख काढायचे खड्डे नाहीत, इंजिन फिरवायची टर्नटेबल नाहीत. टँकरच्या पाइपने मिनिटाला पाचशे लिटर भरले तरी पंधरा हजार लिटरला अर्धा तास जाणार, तेही वर 25 हजार व्होल्टची तार असताना.

पाणी कुठलेही चालत नाही. कोकणातल्या जांभ्यातल्या विहिरींचे पाणी मऊ असते, त्यामुळे बॉयलरमध्ये खर कमी धरते, ही चांगली बाजू. पण ते किंचित आम्लधर्मी असते आणि पोलाद खाते. बॉयलरच्या पाण्याचा पीएच औषध घालून साडेदहा-अकराच्या दरम्यान ठेवावा लागतो. खाडीकाठच्या विहिरीचे मचूळ पाणी तर अजिबात घेऊ नये. क्षार वाढले की बॉयलरमध्ये फेस येतो, फेसाबरोबर पाणी उचलले जाऊन सिलिंडरमध्ये शिरते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टन त्यावर आदळतो आणि सिलिंडरचे झाकण फुटते. पाण्याची तपासणी महिनाभर आधी व्हावी.

आता दवाचे. लोट दिसायला दव उपकारक, पण रुळांना तेच बाधते. धो धो पावसात रूळ धुऊन निघतो आणि चाक बऱ्यापैकी पकडते. गंजाची बारीक पूड, झाडाचा चीक, डिझेलचा ओशटपणा यांवर दवाचा पातळ थर बसला की मात्र रूळ निसरडा होतो. थोडा हिशोब मांडतो. सहा डब्यांची भरलेली गाडी साधारण 250 टन, इंजिन आणि टेंडर मिळून 170 टन, एकूण 420 टन. 1:150 च्या चढावर नुसत्या चढासाठी 2.8 टन ओढ लागते आणि चाकांच्या व हवेच्या विरोधासाठी आणखी दोन टन धरा. डब्ल्यूपीच्या ओढणाऱ्या चाकांच्या तीन जोड्यांवर सुमारे 55 टन वजन असते. कोरड्या रुळावर त्याच्या पाव पट, म्हणजे पावणेचौदा टन पकड मिळते, काळजीच नको. दवाने निसरड्या रुळावर ती दहाव्या हिश्शावर येते, म्हणजे साडेपाच टन. लागणारी ओढ पाच टनांच्या आसपास, मिळणारी पकड साडेपाच टन. रेग्युलेटर जरा जास्त उघडला की चाके जागीच गरगरणार. सहापेक्षा जास्त डबे लावू नयेत, ही शिफारस या हिशोबातून आलेली आहे.

यावर उपाय वाळूचा, पण वाळू कुठली यावर सगळे अवलंबून आहे. किनारा जवळ आहे म्हणून समुद्राची वाळू भरली तर फसगत होईल. तिच्यातले मीठ हवेतला ओलावा ओढते, पेटीत वाळूचा गोळा होतो आणि नेमकी गरज पडते तेव्हा नळीतून काही येत नाही. शंखशिंपल्यांचे तुकडे नळीत अडकतात ते वेगळेच. नदीची वाळू चाळून, पत्र्यावर खरपूस भाजून, गार झाल्यावर लगेच पेटीत भरून झाकण घट्ट लावावे. निघण्याआधी दोन्ही बाजूंच्या नळ्या उघडून वाळू रुळाच्या माथ्यावरच पडते ना, हे खाली वाकून बघावे. नळी अर्धा इंच वाकलेली असली तर सगळी वाळू खडीत जाते. चाके फिरू लागल्यावर वाळू सोडू नये. आधी रेग्युलेटर बंद करायचा, चाके धरली की वाळू, मग हळूच वाफ. फिरत्या चाकाखाली अचानक वाळू आली तर झटका कनेक्टिंग रॉडवर येतो. स्थानकाच्या हद्दीत वाळू जपूनच वापरावी, नाहीतर तिच्या थरामुळे ट्रॅक सर्किटला, म्हणजे रुळावर गाडी आहे हे सिग्नलला कळवणाऱ्या विजेच्या यंत्रणेला, चाकांची दखल लागत नाही.

आगीबद्दल इथल्या बागायतदारांना वेगळे सांगायला नको. इंग्लंडात वाफेच्या इंजिनांवर बंदी येते ती कोरड्या उन्हाळ्यात. हिवाळ्यात तिथे सगळे ओले असते, ठिणगी पडली तरी विझते. कोकणात उलटे आहे. पाऊस ऑक्टोबरात संपतो, डिसेंबरात सड्यावरचे, म्हणजे जांभ्याच्या पठारावरचे, गवत कमरेएवढे पिवळे उभे असते आणि जानेवारीपासून वणवे सुरू होतात. त्याच सुमारास आंबा-काजूला मोहोर. कोळशाचे इंजिन जोर लावते तेव्हा जळते कण चिमणीतून उडतात, आणि चाके जागीच फिरली तर भट्टीतला झोत एकदम इतका वाढतो की निखारेच्या निखारे वर उचलले जातात. म्हणजे जिथे निसरडे, तिथेच ठिणग्या जास्त. स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे चिमणीखालच्या कप्प्यात, जाळी बसवतात, पण जाळी बारीक केली की झोत कोंडतो आणि वाफ धरत नाही, मोठी केली की ठिणग्या निसटतात. शिवाय राखेच्या पेटीतून खाली पडणारे निखारे असतातच. त्यात आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राख. ती वितळून तिचे घट्ट गोळे, म्हणजे क्लिंकर, होऊन शेगडीवर चिकटतात, हवा अडते, फायरमन सळईने आग ढवळतो आणि पुन्हा ठिणग्या.

म्हणून तेल. निलगिरीच्या डोंगरी रेल्वेवर 1:12 च्या दातेरी चढावर धावणाऱ्या एक्स वर्गाच्या इंजिनांपैकी अनेक तेलावर चालतात आणि हे काम तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने करून दाखवले आहे. तिथेही जंगलातून जाणारा मार्ग आहे. ब्रॉडगेज इंजिनाला शेगडीच्या जागी अग्निविटांचे अस्तर, वाफेने तेलाचा फवारा करणारा बर्नर आणि टेंडरमधल्या कोळशाच्या जागी टाकी, एवढा बदल लागेल. तेलाची उष्णता आपल्या कोळशाच्या साधारण दुप्पट. त्यामुळे 50 किलोमीटरचा प्रवास, इंजिन पेटवणे आणि उभे राहणे धरून तीन हजार लिटरची टाकी पुरून उरेल. तेलाचेही नियम आहेत. ड्रायव्हरने रेग्युलेटर हलवला की त्याच क्षणी फायरमनने बर्नर जुळवायचा. तेल जास्त झाले तर काळाकुट्ट धूर आणि नळ्यांत काजळी, कमी झाले तर ज्योत विझते. विझलेली ज्योत लगेच पेटवायची नाही. आधी ब्लोअरने भट्टीतली तेलाची वाफ बाहेर काढायची, नाहीतर स्फोट. पहिल्यांदा पेटवताना बॉयलर थंड असतो, तेव्हा फवाऱ्यासाठी बाहेरून हवेचा किंवा वाफेचा दाब द्यावा लागतो. सावंतवाडीत कॉम्प्रेसर ठेवला तर हे सहज होईल. फायरमनच्या फावड्याची लय पाहायला मिळणार नाही, हे नुकसान आम्हांलाही कळते. पण शेजारच्या बागा जळाल्या तर ही गाडी पुन्हा कधीच सुटणार नाही. तेल वापरले तरी रुळाच्या दोन्ही बाजूंचे पाच-पाच मीटर गवत नोव्हेंबरातच कापून उचलून न्यावे. कापून तिथेच टाकलेले गवत उभ्या गवतापेक्षा लवकर पेट घेते.

मार्च 2022 मध्ये संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण झाले. वाफेच्या गाडीचा विचार करणाऱ्या अनेकांच्या डोक्यात तार येतच नाही. तारेखाली टेंडरवर चढायचे नाही, लांब सळ्या केबिनबाहेर उभ्या करायच्या नाहीत, पाइपने वरच्या दिशेने पाणी मारायचे नाही. तारेपासून दोन मीटरच्या आत माणूस किंवा अवजार जाऊ द्यायचे नाही, झटका बसायला स्पर्शाचीही गरज नसते. काजळी आणि ओलावा इन्सुलेटरवर बसला की वीज त्यावरून उडी मारते आणि पुरवठा तुटतो, मग मागच्या-पुढच्या सगळ्या गाड्या उभ्या. उपाय साधा आहे. प्रत्येक थांब्यावर चिमणी कुठे येईल ते आधी मोजून, इन्सुलेटर टाळून, इंजिन थांबवायची पाटी लावायची. सेफ्टी व्हॉल्व्ह (जादा दाबाची वाफ सोडणारी झडप) स्थानकात उडू नये म्हणून थांब्याच्या दोन किलोमीटर आधी इंजेक्टर चालू करून बॉयलरमध्ये पाणी घ्यायचे, म्हणजे दाब उतरतो.

डब्यांचीही निवड हवी. आजच्या एलएचबी या नव्या धाटणीच्या डब्यांना मधोमध सीबीसी कपलर, म्हणजे आपोआप अडकणारी जोडणी, असतो आणि त्यांची वीज बाहेरून येते. जुन्या वाफेच्या इंजिनाला स्क्रू कपलिंग आणि बाजूचे बफर असतात. दोन्ही थेट जुळत नाहीत. आयसीएफचे, म्हणजे जुन्या धाटणीचे, बिगर-वातानुकूलित, स्वतःची वीज स्वतः बनवणारे डबे घ्यावेत, म्हणजे जोडणीही होते आणि खिडक्याही उघडतात. ब्रेकचा प्रश्न जास्त अवघड. या इंजिनांचा मूळ ब्रेक व्हॅक्यूमचा, आजच्या डब्यांचा हवेच्या दाबाचा, चौरस सेंटीमीटरला 5 किलोचा. इंजिनावर वाफेचा कॉम्प्रेसर बसवावा किंवा शेपटीच्या डिझेलने ब्रेक पाइपला हवा पुरवावी. डिझेल ठेवण्याचे हे पहिले कारण. दुसरे कारण, वाफेचे इंजिन अडले तर गाडी एकेरी मार्ग अडवून बसणार नाही. विलायतेतही अशा गाड्यांच्या शेपटीला बहुतेक वेळा डिझेल असतेच आणि त्यात कमीपणा कोणी मानत नाही. तिसरे, कणकवलीला इंजिन फिरवायची सोय नसल्याने परतीला डिझेलच पुढे असेल. तोवर दहा वाजून गेलेले असतील, लोटही दिसायचा थांबलेला असेल. परतीत मागून ओढल्या जाणाऱ्या वाफेच्या इंजिनात थोडी वाफ सुरू ठेवावी. नाहीतर पिस्टन स्मोकबॉक्समधली काजळी सिलिंडरमध्ये ओढून घेतात आणि रिंगा खराब होतात.

केबिनमध्ये एक गोष्ट नव्या माणसाला शंभरदा सांगावी लागते. चढ चढताना बॉयलरमधले पाणी मागे, भट्टीकडे सरकते आणि पाण्याची पातळी दाखवणाऱ्या केबिनमधल्या काचेच्या नळीत ती जास्त दिसते. माथा ओलांडून उतार लागला की पाणी पुढे पळते. 1:150 च्या चढानंतर तेवढाच उतार आला तर मोठ्या बॉयलरमध्ये हा फरक पाच-सहा सेंटीमीटरचा होतो. चढावर निम्मी नळी पाहून निश्चिंत राहिलेल्या माणसाच्या भट्टीचे छत उतारावर उघडे पडू शकते. छतातला शिशाचा प्लग वितळून वाफ भट्टीत सुटते, तीच शेवटची सूचना. माथ्यावर येताना नळी पाऊण भरलेली हवी.

फलाटावरची गर्दी हा स्वतंत्र विषय आहे. इंजिन निघताना सिलिंडरमधले साचलेले पाणी काढायला ड्रेन कॉक उघडतात, तेव्हा उकळत्या वाफेचे फवारे जमिनीलगत दोन्ही बाजूंना सुटतात. फोटोसाठी चाकाजवळ वाकलेली मुले तिथेच असतात. दोरी बांधून निदान चार मीटर अंतर ठेवावे आणि फोटोसाठीचा थांबा फक्त स्थानकाच्या लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या जादा रुळावर, द्यावा. झाराप किंवा सिंधुदुर्गनगरीला ते जमेल. मधल्या मार्गावर गाडी थांबवून लोकांना खाली उतरवणे कुणाच्याही आग्रहाने होऊ नये. चालत्या गाडीत डब्यांची दारे बंदच हवीत.

तारखांचे म्हणाल तर नाताळ ते नववर्ष हा काळ पर्यटनाचा असला तरी सोडून द्यावा. गोव्याच्या जादा गाड्यांनी एकेरी मार्ग त्या दिवसांत भरलेला असतो आणि ताशी 45 किलोमीटरने जाणारी गाडी त्यात घुसवली तर तिचा निम्मा वेळ क्रॉसिंगमध्ये, म्हणजे समोरच्या गाड्यांना वाट देण्यात, जाईल. आंगणेवाडीच्या जत्रेचा आठवडाही तसाच. मधल्या जानेवारीपासून जत्रेआधीपर्यंतचे शनिवार-रविवार उत्तम. तेव्हा पहाटेचा गारवा असतो आणि गाड्यांची दाटी कमी.

हे सगळे खटाटोपाचे वाटून कोणी डिझेलला किंवा विजेच्या इंजिनाला वाफेचा वेश चढवून, चिमणीतून कृत्रिम धूर सोडण्याचा मार्ग सुचवेल. असे प्रयोग देशात झाले आहेत. आमचा त्याला विरोध आहे. वाफेचे इंजिन बघायला येणाऱ्याला पिस्टनचा रॉड, तापलेल्या तेलाचा वास आणि आगीवर चाललेले माणसांचे काम बघायचे असते. ते देता येत नसेल तर साध्या डब्यांतून साधी पर्यटन गाडी चालवावी, तिचेही लोक स्वागत करतील.

इंजिन हरयाणातल्या रेवाडीच्या वाफेच्या शेडसारख्या ठिकाणाहून आणायचे असेल तर ते थंड स्थितीत, मर्यादित वेगाने ओढत आणावे लागेल आणि दर पन्नास-साठ किलोमीटरवर बेअरिंगला हात लावून ताप पाहावा लागेल. तेलाचा बदल, बॉयलरची पाण्याच्या दाबाखालची तपासणी आणि ड्रायव्हर-फायरमनच्या दोन जोड्यांचे शिक्षण हे पावसाळ्यातच उरकले, तर ऑक्टोबरअखेर इंजिन सावंतवाडीत उभे राहू शकते. थंड बॉयलर पेटवल्यापासून पुरा दाब यायला दहा-बारा तास द्यावेत, घाईने तापवला तर प्लेटा असमान ताणून नळ्यांचे जोड गळू लागतात. सकाळी सातची गाडी असेल तर आदल्या संध्याकाळी सहा-सातलाच भट्टी पेटायला हवी आणि रात्रभर जागा माणूस लागतो. डिसेंबरात निदान तीन रिकाम्या फेऱ्या व्हाव्यात. पहिली डबे न लावता, दुसरी तीन डबे लावून आणि तिसरी सहा डब्यांत भरलेल्या गाडीइतके वजन ठेवून, मुद्दाम दव पडलेल्या पहाटे.

आपले,
काही निवृत्त रेल्वे कर्मचारी
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग